बारशाची पट्टी

लासूर स्टेशनात बा मला गाडीत बसवायला आला तेव्हा त्याच्या हातात कासरा नव्हता. बैल तो बाहेर अडत्याच्या दारात बांधून आला होता. कासऱ्याशिवाय हातांचं काय करायचं हे त्याला कळेना, म्हणून तो माझ्या खिडकीचे गज धरून उभा राहिला. आमच्याकडे वडलांना बा म्हणत, आणि आमचा बा फारसं बोलत नसे. त्या दिवशी मात्र गाडी हलेस्तोवर तो एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगत होता. "तितं ल्हान होऊन ऱ्हाय, अंबादास. कुनाच्या जागंत बसू नको. सरक म्हनलं की सरकायचं." गाडी सुटली तरी गज सोडायला त्याला जरा उशीरच झाला. दोन-चार पावलं तो गाडीबरोबर चालला आणि मग प्लॅटफॉर्म संपला.

माय आली नव्हती. पहाटे आम्ही गाडी जुंपत होतो तेव्हा ती पाण्याला गेली, आणि मुद्दाम गेली हे घरात सगळ्यांना माहीत होतं. देवगाव रंगारी ओलांडून लासूरला पोचायला बैलगाडीने अर्धा दिवस लागे. तो सगळा अर्धा दिवस मी मायवर रागावून घेतलं. मला गाव सोडावं लागतंय ते तिच्यामुळे, असं माझं तेव्हा पक्कं मत होतं.

हे मी लिहितोय ते तुमच्यासाठी, जे गावात राहिलात. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे पिशवी उचलून संभाजीनगरला, पुण्याला, आणखी कुठे कुठे गेलात. राहिलेल्यांना वाटतं की गेलेले सुटले. गेलेल्यांना वाटतं की राहिलेल्यांना सगळं आयतं मिळालं. मी दोन्हीकडची बोलणी खाल्ली आहेत, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

तर आमचं गाव डोंगराच्या पायथ्याला. माथ्यावर सरकारी जंगल आणि त्याच्या खालचा उतार निजामाच्या काळापासून आमच्या घराण्याकडे. उतारावर अंजन, धावडा, सालई, पळस, मधूनमधून टेंभुर्णी. घरात मुलगा झाला की बाराव्या दिवशी बायका पाळण्यात नाव ठेवायच्या आणि त्याच वेळी पुरुष कुऱ्हाडी घेऊन उतारावर जायचे. चुलत्याने एका झाडाला कुंकू लावायचं, बापाने पहिला घाव घालायचा. मग त्या हिवाळ्यात झाडांची अख्खी पट्टी तुटायची, उन्हाळ्यात खुंटं जाळायची, आणि पावसाळ्यात तिथं बाजरी उभी राहायची. त्या पट्टीला पोराचंच नाव पडायचं. पोरगं अजून मान धरत नाही तोवर त्याच्या नावाचं शेत तयार. याला आम्ही बारशाची पट्टी म्हणायचो. मुलींना पट्टी नसे. त्यांना लग्नात त्या लाकडाचा एक पाट मिळे, आणि त्यावर बसून त्यांनी नशिबाचे आभार मानावेत अशी घरच्यांची अपेक्षा असे.

आजा त्या गावात एकटा आला होता. त्याला पाच मुलगे झाले, त्या पाचांना आम्ही झालो. रझाकारांच्या धामधुमीत गाव पांगलं होतं. पोलिस ॲक्शन झाली, माणसं परतली, आणि परतली ती जणू जगायचं ठरवूनच. देवी टोचणारे आले, भिंतींवर डासांचं औषध मारणारे आले. पूर्वी गावात जितके पाळणे हलायचे त्याच्या निम्मी पोरंसुद्धा पुढे अंगणात दिसत नसत. आता दिसू लागली. माझ्याआधीची दोन भावंडं तापाने गेली होती. मी तशाच तापातून उठून बसलो आणि भाकरी मागितली, असं माय सांगायची. याला वाईट कोण म्हणेल? मी तर नाहीच म्हणणार, मी त्या जगलेल्यांतलाच एक. पण जगलेल्या प्रत्येक पोराला पट्टी हवी होती. आमच्या गावाची खानेसुमारी करायला कागद लागला नसता. खाली उभं राहून उताराकडे पाहिलं की पुरे. झाडांची कड जितकी वर सरकली, तितकी घरात नवी पोरं.

त्यात आणखी एक गंमत होती. माझा थोरला भाऊ कचरूदादा, त्याच्या पट्टीने पहिली काही वर्षं पोत्यांनी बाजरी दिली. पुढे दर पावसात माती खाली वाहत गेली आणि वर मुरूम उघडा पडला. आमची जाणती माणसं त्याकडे बघून म्हणाली, पट्टी थकली. मग पुढच्या पोरासाठी आणखी लांब पट्टी तोडायची. माती झाडांनी धरून ठेवली होती हे तोडल्यावर दिसायचं, पण तोवर पुढचं बारसं आलेलं असायचं.

पोलिस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा माझा जन्म झाला. तोवर उतारावर एकच चांगला तुकडा उरला होता, झिऱ्याच्या डोक्यावरचा. झिरा म्हणजे खडकातून पाझरणारं पाणी. त्याच्या खाली एक दगडी डोण होती आणि गावातल्या बायका तिथून पाणी भरायच्या. माझ्या बारशाला पुरुष कुऱ्हाडी खांद्यावर टाकून निघाले, तशी माय बाजेवरून उठली, मला पाळण्यातून उचललं आणि उंबऱ्यात येऊन बसली. बाळंतीण उंबऱ्यात बसलेली, तिला ओलांडून कसं जायचं? सगळे थबकले. "ह्याची पट्टी नगं," ती म्हणाली. "वरची झाडं तोडली तर झिरा आटंल. मग पानी काय तुमी आननार व्हय?" पुरुषांपैकी कुणी कधी पाण्याची घागर उचलली नव्हती. आजा म्हणाला, या वर्षी राहू द्या. पुढच्या वर्षीही तो तेच म्हणाला.

अशा रीतीने मी बिनपट्टीचा राहिलो. लहानपणी हेच माझं नाव होतं. भाऊ आपापल्या नावाच्या शेतात राबायचे, भांडायचे, एकमेकांच्या बांधावर दगड सरकवायचे. मला सरकवायला बांधच नव्हता. मी शेळ्या राखायचो, आणि त्या शेळ्या माझ्या नजरेसमोर उरल्यासुरल्या रोपांचे शेंडे खायच्या, म्हणजे डोंगर बोडका करायला हातभार माझाही होताच. वयात आलो तेव्हा घरात हिशेब सरळ होता. खाणारी तोंडं वाढली, पट्ट्या थकल्या, आणि ज्याच्या नावे काहीच नाही त्याने बाहेर पडायचं. मला वाटायचं, मायने माझ्यापेक्षा झाडं धरली. ती त्या दिवशी उंबऱ्यात बसली नसती तर मीही पट्टीवाला झालो असतो.

संभाजीनगरात मी गेलो ते छावणीत, करीमचाचांच्या लाकडाच्या वखारीवर. चाचा लासूरच्या बाजारात जळण खरेदी करायचे, तिथली त्यांची आणि बाची ओळख. वखारीच्या मागे त्यांचं घर. दोन खोल्या आणि माणसं इतकी की जेवायला पाळ्या लागायच्या. मी दारात पिशवी छातीशी धरून उभा होतो, बाने सांगितल्याप्रमाणे लहान होऊन. चाची आतून बघत होती. तिने मला काही विचारलं नाही, पोरांनाच ओरडली, "अरे सरको जरा, बच्चे कू जगा करो!" मी सरकायची तयारी करून आलो होतो, आणि इथं माझ्यासाठी दुसरे सरकत होते. चाचीने माझ्यासाठी वेगळा तवा ठेवला. पुढे काही महिन्यांनी मीच तिला म्हणालो की तवा एकच बरा, घासायला सोपं पडतं. ती हसली आणि तो तवा तिने शेजारणीला देऊन टाकला. आज चाचा नाहीत, चाची नाही. पण माझ्या आयुष्यातल्या उपकारांची मोजदाद करायला बसलो तर पहिली दोन नावं त्यांची येतात.

वखारीत माझं काम तराजूवर. जळण तोलायचं, आणि सागाचे, अंजनाचे ओंडके आले की लावून घ्यायचे. एके दिवशी एक ट्रक रिकामा करताना अंजनाचा ओंडका हाती आला आणि मी तसाच उभा राहिलो. आमच्याच डोंगराकडचं लाकूड होतं. ट्रकवाला म्हणालाही, कन्नडकडचा माल आहे. वरचं सरकारी जंगल, जिथं आम्ही मोहाची फुलं वेचायचो, ते असं ओंडक्याओंडक्यांनी माझ्यामागून चालत आलं होतं. चाचा गल्ल्यावरून म्हणाले, "कायकू रोता रे? लकडा तो आताइच रहेंगा." ते खरंच होतं. शहर फुगत होतं. दर महिन्याला नवं बिऱ्हाड, नवी चूल, नवी चौकट. चिकलठाण्याकडे कारखाने उभे राहिले, मग आणखी पलीकडे. गावात आम्ही पाळण्यासाठी झाडं तोडायचो, इथं चुलीसाठी. मी झाडं वाचली म्हणून घराबाहेर पडलेला माणूस, आणि झाडं तोलून पोट भरत होतो. तेव्हा मला याचं हसू यायचं नाही. आता येतं.

बहात्तरच्या दुष्काळात कचरूदादा शहरात आला होता, अंगाने अर्धा झालेला. गावाच्या आजूबाजूच्या विहिरी खडखडीत पडल्या होत्या. जेवता जेवता तो म्हणाला, "झिरा हाय अजून. बोटाएवढी धार हाय, पर हाय. तीन गावच्या बाया रांग लावत्यात." एवढं बोलून त्याने भाकरी मोडली. मी मायबद्दल काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली, आणि त्या दिवसापासून मायवरचा माझा राग निम्मा उतरला.

पुढे गॅस आला, वखारींचे दिवस गेले. चाचांच्या आधाराने मी लोखंडी खिडक्या-ग्रिलचं दुकान टाकलं. लग्न झालं, पोरं झाली. शहराबाहेर जिथं मोसंबीचे मळे होते तिथं प्लॉट पडले, त्यात मी दोन खोल्या बांधल्या. मोसंबीची झाडं कुणी तोडली हे मी विचारलं नाही. माझी बायको कमल मात्र अंगणातल्या एका उरलेल्या खुंटाला वर्षभर पाणी घालत होती. फुटेल म्हणायची, पण ते काही फुटलं नाही.

आणि मग एक दिवस कचरूदादाचा निरोप आला. त्याच्या मुलाला, संतोषला, मुलगा झाला होता. बारशाला या, आणि तुझ्या पट्टीचं काय ते ठरवू. झिऱ्यावरचा तुकडा तोडायचा, अर्धा माझ्या नावे, कारण तो माझा राहिलेला हक्क, आणि अर्धा संतोषच्या बाळाचा. दादा मनाचा सरळ माणूस. त्याला खरंच वाटत होतं की घराण्याने माझ्यावर अन्याय केला आणि तो आता निस्तरायचा. बसमध्ये मी कमलला काही बोललो नाही, पण मनात माझी बाजरी डोलायला लागली होती. माणूस कितीही शहराळला तरी शेत म्हटलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं नाव असलेलं शेत. गावात कुणीतरी म्हणेल, अंबादासच्या पट्टीकडून जा. एवढ्याच गोष्टीसाठी मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस खिडकीतून बघत एकटाच हसत होतो.

गावाजवळ आलो तसा डोंगर दिसला. माथ्यावरचं सरकारी जंगल गेलं होतं, तिथं घाणेरीची झुडपं माजली होती. उतारावर आमच्या सगळ्यांच्या पट्ट्या, जवळजवळ साऱ्याच मुरमाच्या. आणि मधोमध तेवढा एक हिरवा तुकडा. मला ठाऊक नव्हतं की तो इतका लहान आहे. लहानपणी त्यात शेळ्या हरवायच्या.

बारसं झालं. बाळाचं नाव ठेवलं. कुऱ्हाडी ओसरीला टेकवून ठेवल्या होत्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण कुंकू लावायचा मान त्या दिवशी मला होता. माय खांबाला टेकून बसली होती. डोळ्यांनी कमी दिसत होतं तिला. तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, ती अडवणार. पुन्हा उंबऱ्यात जाऊन बसणार. पण तसं नाही झालं.

"अंबादास," ती म्हणाली, "तुह्या वाट्याचं रान म्या साऱ्या गावाला पाजलं. तुला इचारलं नव्हतं. तू बारा दिसांचा व्हतास, इचारनार कसं? आता इचारते. तोडायचं का ऱ्हाऊ द्यायचं? तू म्हनशील ते. म्या काय बी बोलनार नाय."

आयुष्यभर मी समजत होतो की मायने माझ्याकडून काढून घेतलं. ती मात्र इतकी वर्षं माझं उसनं वागवल्यासारखी वावरली होती. आपल्याला आईने काही विचारावं आणि उत्तराची वाट बघावी, असे प्रसंग फार थोडे येतात. मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे माय. चांगलं केलंस तू."

ती काही बोलली नाही, कबूल केल्याप्रमाणे. पदर मात्र डोळ्याला लावला.

कचरूदादा बोलला. आणि तो जे बोलला ते मी आजवर विसरलो नाही, कारण ते खरं होतं. "शहरात बसून झाडं राखनं लई सोपं हाय रं. ह्या पोराच्या तोंडात काय घालू, पाला?" संतोष मान खाली घालून उभा. त्याची बायको बाळाला घेऊन दारात. झाडं राखायची तर या तिघांचं काय, हा प्रश्न कुणीतरी उचलायलाच हवा होता. माझ्या जन्माच्या वेळी तो मायने पाण्याच्या घागरीसारखा एकटीने उचलला होता.

"ह्याची पट्टी माझ्याकडं," मी म्हणालो. "संतोष, बिऱ्हाड घेऊन ये. दोन खोल्या हायेत, तिसरी वर चढवू. दुकानात हात कमीच पडतात." कमल माझ्याकडे बघत राहिली. परतीच्या बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "तुमच्या आईने तुम्हाला इतक्या वर्षांनी का होईना, विचारलं तरी. मला कुणी विचारायचं?" पण घरी पोचल्यावर शिलाई मशीन ओढून तिनेच आधी जागा केली. तिसरी खोली वर चढली, मग चौथी. संतोषच्या मागून त्याचा धाकटा भाऊ आला, मग माझ्या मधल्या भावाचा मुलगा. एक शिकला, निघाला, दुसरा आला. आमच्या घरात कधीही पाहुण्यांची अशी वेगळी खोली नव्हती, कारण पाहुणा कोण आणि घरचा कोण हे ठरवायला उसंतच मिळाली नाही. कमल आजही कुरकुरते. आणि ती कुरकुरली की मला बरं वाटतं, घर भरलेलं आहे असं वाटतं.

कचरूदादाने पुढे कधी त्या तुकड्याला कुऱ्हाड लावू दिली नाही. बोलायचा तसाच, वाकडं. पण वणवा लागला त्या उन्हाळ्यात पळसाच्या डहाळ्या घेऊन पहिला तोच धावला. हे मी मुद्दाम लिहितोय. मी नुसतं 'ऱ्हाऊ दे' म्हणालो, राखलं त्यांनी. जे गेले त्यांनी जागा सोडली, जे राहिले त्यांनी ती झाडांना राहू दिली. मला विचाराल तर दुसरं काम अवघड.

माय शहरात एकदाच आली, संतोषचा मुलगा शाळेत जाऊ लागला त्या वर्षी. आमच्या वस्तीत नळाला पाणी रोज येत नाही. ते आलं की घरात एकच धांदल उडते, बादल्या, पिंप, कळश्या, सगळं मांडून ठेवायचं. त्या धांदलीत माय मोरीपाशी स्टुलावर बसून नळाकडे बघत होती. "बिनाडोंगराचं पानी," ती म्हणाली. "कुटून येतं रं हे?"

मी शहरातल्या माणसाच्या ऐटीत सांगितलं, पैठणच्या धरणातून. नाथसागर केवढा, पाइप किती लांबून आणलेत, सगळं.

"तितं आदी काय व्हतं?"

"गावं होती, माय. चांगली काळी शेतं होती. पाण्याखाली गेली. लोकांना उठवलं."

तिने हात पुढे करून चाचपडत नळ बंद केला. सगळी घाईत, पण रिकाम्या कळश्या हातात घेऊन थांबली. ती म्हणाली, "त्यान्ला कुनी इचारलं व्हतं का रं?"

मायने बादलीतलं ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि प्यायली. मग नळ पुन्हा सोडायला सांगितला, कारण पाणी जायची वेळ झाली होती.

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. पूर्वी मला कुणी घर कुठलं विचारलं की मी गावाचं नाव सांगायचो. नंतर कॉलनीचं सांगू लागलो. हल्ली मी थोडा घुटमळतो. मी वाढलो त्या छपराखाली दुसऱ्यांनी सरकून जागा केली होती, आणि ज्या पाण्यावर माझी नातवंडं वाढली ते कुणाच्या तरी अंगणावर साठलंय. माझं घर त्या सगळ्यांच्या वाट्याच्या जागेत आहे. धरणासाठी उठवलेल्या त्या गावांतला एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटला तर त्याला घरी आणायचं आहे, कमलला सांगून चांगलं जेवायला करायचं आहे. पण त्याआधी त्याला समोर बसवून, हातात तांब्या घेऊन विचारायचं आहे, हे पाणी मी प्यायलो तर चालेल का?